वर केलेला हात

बिल्ल्याची टाचणी पुन्हा टोचली. ईश्वरप्पांनी बिल्ला बोटानं चाचपला – गुलाबी फीत, मधे पुठ्ठ्याचा गोल, त्यावर ‘संस्थापक’... मेलीला आजच टोचायचं होतं! पण तिचा काय दोष? मघाशी आपणच खाली वाकून तिच्याशी चाळा करत बसलो, तेव्हा ती वाकडी झाली. आणि का वाकलो, हे ठाऊक आहे फक्त दोघांना.

कबड्डी मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. समोरचं मैदान म्हणजे एके काळी नुसती कुसळं नि दगडगोटे. ते वेचून, सीना नदीची वाळू बैलगाड्यांनी आणून ईश्वरप्पा नि त्यांच्या सोबत्यांनी ते उभं केलेलं. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून हाताला फोड आलेली माणसं संध्याकाळी इथंच हुतूतू घुमवायची. चषक काही फार आले नाहीत. पण एक रीत होती, नि तिच्यावर गाव मिजास करायचं: अंग लागलं की पंचाच्या तोंडाकडं बघायचं नाही, आपणच हात वर करून बाहेर जायचं. बार्शीच्या अंतिम सामन्यात पंचांना दिसलं नव्हतं, तरी ईश्वरप्पांनी हात वर केला. चषक गेला, आणि गावानं त्या हरलेल्या गड्याला खांद्यावर घेऊन मिरवलं.

आणि मघाशी, महोत्सवाच्या सामन्यात... आपल्या गावाची एका गुणाची आघाडी, पाहुण्या मोडनिंब संघाची शेवटची चढाई. त्यांचा पोरगा परत फिरता फिरता शिवपुत्रच्या – त्यांच्या पोटच्या पोराच्या – पोटरीला बोटं लावून गेला. खुर्चीवरून लख्ख दिसलं.

“लागलं की!” मोडनिंबचा पोरगा ओरडला.

शिवपुत्रनं आधी बापाकडं पाहिलं. आणि बाप – संस्थापक! – मान खाली घालून टाचणीशी खेळत बसला. वर बघितलं तेव्हा शिवपुत्र ‘नाही’ म्हणून मान हलवत होता.

“ह्या गावचा गडी न्हाय म्हन्तोय म्हंजी न्हाय,” तालुक्याहून आलेले पंच नागप्पा म्हणाले. त्या पोरानं भांडावं तरी! उलट तोच खजील होऊन म्हणाला, “मग माजंच चुकलं आसंल.”

मग शिट्टी, गुलाल, आरडाओरडा... पहिली टाळी कुणाची? आपलीच. लाज कशी वाटली नाही ह्या हातांना? वाटली, पण टाळी वाजल्यावर. जन्मभर लोकांच्या पोरांना रीत शिकवली आणि स्वतःचं पोर जिंकतंय म्हटल्यावर जीव असा लाचावला... थू तुझ्या जिनगानीवर, ईश्वरप्पा!

“अण्णा,” नागप्पांनी माईक पुढं सरकवला, “ती बार्शीची गोष्ट सांगा की. पोरांनी ऐकू द्या.”

उठावंच लागलं. गोष्ट तोंडपाठ, जिभेवरून आपली आपण चालू लागली. मोडनिंबचा पोरगा पुढ्यातच मांडी घालून, तोंड उघडं टाकून ऐकत होता. शिवपुत्र गुलालानं माखलेला, मागं, खाली बघत. गोष्ट त्या जागेला आली – इथं ईश्वरप्पा दरवेळी हात वर करून दाखवायचे. सगळे त्याचीच वाट बघत होते.

हात वर गेला.

टाळ्या पडल्या, नेहमीसारख्याच. मोडनिंबचा पोरगा तर सगळ्यांत जोरात वाजवत होता. फक्त शिवपुत्रनं मान वर केली आणि त्या हाताकडं बघत राहिला... टाळ्या थांबल्या तरी ईश्वरप्पांचा हात खाली येईना. हात वर केला की बाहेर जायचं असतं, एवढं त्यांना आठवत होतं, आणि पाय काही केल्या जागचे हलत नव्हते.