माझा कोरा कोपरा

मी एक जुना नकाशा आहे, आणि मित्रांनो, मला राग आला आहे. एरवी मी शांत असतो. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्यावरचा एकही डोंगर जगात कुठे सापडायचा नाही. ते सगळे ताईने टाकाने काढलेले. दर रविवारी दुपारी तिच्या चार मैत्रिणी जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. ताई गोष्ट सांगते आणि त्या चौघी पात्रं होऊन गोष्टीत शिरतात. एक चोर होते, एक वैद्य, एक पळून आलेली राजकन्या, आणि सगळ्यांत बुटकी असते ती राक्षसीण. पूल टिकेल की कोसळेल, ते फासे ठरवतात. मी त्यांचा मुलूख.

ताईचा एक नेम होता. जिथवर त्यांची पावलं पोचली, तिथवरच शाई. पुढचं सगळं कोरं. एकदा चोरबाईंनी हट्टाने होडी दलदलीत घातली, तेव्हा माझी नदी खोडून वळवावी लागली. रबराने साल निघाली माझी, पण मी हूं की चूं केलं नाही. काम होतं ते.

सहा वर्षांत उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा उरला. नदी तिथे येऊन थांबली होती. वैद्यबाईंचा गोष्टीतला हरवलेला भाऊ सापडला तर तिथेच सापडणार होता, आणि येत्या रविवारी त्या तिथे उतरणार होत्या.

शनिवारी ताईच्या दादाने मला उचललं. थेट झेरॉक्सच्या दुकानात नेलं. दुकानदाराने माझं तोंडभरून कौतुक केलं आणि मला दोन प्लास्टिकच्या मध्ये घालून तापलेल्या यंत्रातून काढलं. लॅमिनेशन, तेही जिवंतपणी. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

रविवारी ताईने टाक बुडवून नदीच्या टोकाला टेकवला. शाईचा थेंब झाला आणि घरंगळून टेबलावर पडला.

"घड्यांवर फाटत चालला होता गं," दादा म्हणाला. "आता शंभर वर्षं काही व्हायचं नाही त्याला."

"हो ना दादा," ताई हळूच म्हणाली. "काहीच व्हायचं नाही आता."

दादाचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे माझा भाऊ बसला वाटतं प्लास्टिकमध्ये," वैद्यबाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आलं नाही.

मग ताईने एक कोरा कागद आणला, माझ्या कोपऱ्यावर बरोबर बसवला आणि नदी पुढे नेली. माझ्या डोक्यावर टाकाची करकर चालली होती. फासे पडले. वैद्यबाई डोळे पुसत हसल्या. काय सापडलं, ते मला दिसलं नाही.

आता मी भिंतीवर असतो. किती छान जपलाय, असं येणारा-जाणारा म्हणतो. मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण आधी एवढं बघा, तिचं काम संपलंय का. माझं संपलं नव्हतं. सहा वर्षं मी ती नदी वाहून आणली, आणि ती कुठे पोचली ते माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.