रत्नासाठी वात

रत्ना सिगारेट ओढते, हे बॉथेल या अमेरिकन गावातल्या मराठी मंडळींना कधीच कळलं नाही. तिच्या नवऱ्याला, देवदत्तला, लग्नाआधीपासून माहीत होतं. त्यावरून तो संसारभर भांडला, आणि ती संसारभर गॅरेजचं दार अर्धं उघडून ओढत राहिली. फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता 'मी सांगत होतो' म्हणू नकोस."

तो म्हणाला नाही.

डॉक्टरांनी सिगारेट बंद केली, पण तलफ काही जाईना. त्या सुमारास चीनहून बॅटरीवरच्या सिगारेटी नुकत्याच यायला लागल्या होत्या. देवदत्तनं इंटरनेटवरून एक मागवली. धुराऐवजी वाफ. रत्नाला ती बरी वाटली, पण थोड्याच दिवसांत आतली तार जळली. दुसरीचीही तीच गत. मग देवदत्त स्वतःच दुरुस्तीला बसला. जन्म लॅबमध्ये मायक्रोस्कोपसमोर गेलेला, हात स्थिर होता. केसासारखी तार सुईभोवती गुंडाळून वेटोळं करायचं आणि त्यातून काचेच्या धाग्यांची वात ओवायची. वात निकोटीनचा द्रव शोषते, तार तापते, वाफ निघते. सांगायला सोपं. पण वातीचं टोक सारखं विसकटायचं. त्याला पीळ देऊन, चिमट्यात धरून, श्वास रोखून ओवावं लागे. जरा जोर झाला की वेटोळं फाकलंच.

"जमलं का रे?" रत्ना सोफ्यावरून विचारायची.

"जमतंय."

केमो चालू होती तोवर हे चाललं. वात पलीकडे निघाली की देवदत्तला वाटायचं, काहीतरी आपल्या हातात आहे.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी केमो थांबवली. आता त्रास कमी होईल एवढंच बघू, म्हणाले. घरी आल्यावर देवदत्त कोट न काढताच टेबलाशी बसला आणि चिमटा उचलला.

"सोड ते," रत्ना म्हणाली. "मला खरी आणून दे."

"अगं, पण डॉक्टर..."

"त्यांनी हात टेकले ना आज? मग आता कशासाठी जपायचं?"

तो गॅस स्टेशनवर, पेट्रोलपंपावरच्या दुकानात, जाऊन सिगारेटचं पाकीट घेऊन आला. गॅरेजमध्ये खुर्ची मांडून तिला बसवलं, पायांवर रजई घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोची सिगारेट स्वतःच्या हातानं पेटवून दिली.

रत्नानं एक झुरका घेतला. खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. सिगारेट खाली पडली, रुमालावर रक्त उमटलं. देवदत्त तिची पाठ चोळत राहिला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "चवच नाही रे. काहीच लागलं नाही." आणि रडायला लागली. इतक्या आजारपणात ती एकदाही रडली नव्हती. देवदत्तनं उरलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

तिला आत निजवून तो बाहेर टेबलाशी येऊन बसला, तोच इशिताचा, त्यांच्या मुलीचा, दुसऱ्या राज्यातल्या शॉमबर्गहून फोन आला.

"डॅड, व्हॉट डिड द डॉक्टर से?"

"ट्रीटमेंट बंद केली."

"सो व्हॉट्स नेक्स्ट?"

"तू ये," तो म्हणाला. "सुट्टीबिट्टी बघत बसू नकोस."

पलीकडे नुसतं मुसमुसणं ऐकू येत राहिलं. त्यानं फोन ठेवला. आत रत्नाला पुन्हा खोकला लागला होता. जायला हवं हे कळत होतं, पण खुर्चीतून त्याला उठवेना.