करंगळी नसलेला हात

गुडघ्यांनी दगा दिला, दुसरं काय. एकसष्टाव्या वर्षी माणसानं राखेच्या खड्ड्यात रांगू नये. पण आमच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याला प्लास्टर ओतणारा जुना माणूस मीच एक उरलोय, त्यामुळे रथ सापडल्यावर मलाच बोलावणं आलं.

रथ रोमन, मिरवणुकीचा. ब्राँझच्या पट्ट्या शाबूत, लाकूड कधीच कुजून गेलेलं. लाकूड गेलं की राखेत त्याची पोकळी राहते. तिच्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की भोवतीची राख खरवडायची, मग लाकूड होतं तसं समोर येतं. ओतण्याआधी दिवा घेऊन आत वाकून बघायचं, हे चाळीस वर्षं मीच पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो. आणि त्या दिवशी चाकामागच्या पोकळीशी मीच वाकलो नाही. रथाचा आस असेल म्हटलं आणि दिलं ओतून.

तीन दिवसांनी राख काढली तर आस कुठला, हात निघाला. मनगटापर्यंतचा, पुढे ताणलेला. मधलं बोट ब्राँझला टेकलेलं. करंगळी नव्हती.

खोदकामाच्या प्रमुख मिरेल्लाबाई उत्तरेकडच्या, गावात नवीन. त्या म्हणाल्या, "हा जुना नाही हो, अनिएलो. जुना असता तर आत हाडं निघाली असती. चोरांचं भुयार इथवर आलं असणार. कुणीतरी ओल्या राखेत हात खुपसलाय. उद्या पोलीस येतील. असा माणूस गावात कोण, तुम्हाला ठाऊक असेल."

"बघतो," म्हटलं.

ठाऊक नसायला काय झालं! माझ्या थोरल्या भावाची, कातेल्लोदादाची करंगळी टोमॅटोच्या कारखान्यात गेली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तेव्हापासून तो उजवा हात खिशातच ठेवतो. वडील गेल्यावर त्याच हातानं त्यानं मला वाढवलं.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या घरी गेलो. तो एकटाच घेवडा घातलेला पास्ता खात बसला होता. सगळं सांगून टाकलं.

"मग तोड की," तो म्हणाला. "हातोडीचा एक घाव. कोण विचारतंय?"

"प्लास्टरमधून निघालेलं मी आजवर काही तोडलं नाही, दादा."

"मोठा आलाय शहाणा. वाकून बघितलं असतंस तर ही वेळ आली असती का?"

खरंच होतं. मला रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता.

बराच वेळ तो ताटातला घेवडा इकडून तिकडे करत राहिला. मग म्हणाला, "तिथं काय होतं रे?"

"रथ. अख्खा."

"बोटाला गार लागलं होतं. मला वाटलं, गावाच्या पाण्याचा नळ. फुटला तर सगळ्यांच्या घरात पाणी शिरेल म्हणून हात काढला आणि भुयार बुजवलं. बावीस वर्षं झाली." तो स्वतःशीच हसला. "नळ म्हणे."

त्यानं तोंड पुसलं, चर्चला जायचा कोट चढवला, उजवा हात खिशात घातला. "चल. पोलिसांच्या आधी मला बघू तर दे."

वाटेत आम्ही दोनदा थांबलो, एकदा माझ्या गुडघ्यांसाठी, एकदा त्याच्या दम्यासाठी. घरी परत फिरू या, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

खड्ड्याच्या काठावर उभं राहून दादानं रथ पाहिला. आपला हातही पाहिला. गावातले लोक रथ बघायला येतच होते, त्यामुळे मिरेल्लाबाईंना काही नवल वाटलं नाही. हात झटकत त्या वर आल्या.

"तुम्ही अनिएलोंचे भाऊ ना? या, या," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

दादानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग खिशातला हात काढला आणि त्यांच्या हातात दिला.