जाऊन-येऊन

सासऱ्यांनी बटणाची दुधाची बाटली उचलून जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी उभी केली.

"हा दीपस्तंभ," ते म्हणाले. "आता याला कोणी हात लावायचा नाही."

बटणाने, म्हणजे त्यांच्या दहा महिन्यांच्या नातवाने, तत्काळ भोकाड पसरलं. दीपस्तंभात अजून अर्धं दूध होतं.

"आजोबा, दीपस्तंभ त्याचा आहे," गोटी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती, तिने मान वर न करता सांगितलं. ती सहा वर्षांची होती आणि नकाशा काढत होती. आईच्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमा ज्या पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळून येतात, तो कागद तिला चित्रांसाठी मिळायचा.

"बरं, दीपस्तंभाला सुट्टी." सासऱ्यांनी बाटली सुनेच्या हाती दिली आणि तिच्या जागी मीठदाणी ठेवली. पालथ्या वाटीची टेकडी आधीच तयार होती, चमच्याचा धक्का होता. "हं, लिहून घे. म्हणजे काढून घे. अक्षरं नकोत. अक्षरं असली की लोक वाचत बसतात आणि खड्ड्यात पडतात."

"सांगा."

"बोटीतून धक्क्यावर उतरलं की डाव्या हाताला उतार. बाबागाडी तिथून. उजव्या हाताला पायऱ्या, सतरा. त्यांच्या वाटेला जायचं नाही, शेवाळ असतं. उतार संपला की डावीकडेच विहीर, पाणी गोड. विहिरीपुढे मोठं झाड, त्याखाली तीन बाक, मधल्याचा पाय लंगडा. उजवीकडे खडक, खडकात गुडघाभर पाण्याची डबकी. लहान मुलांना तिथे सोडून दिलं की दोन तास आईबापांना कोणी हाक मारत नाही."

"ते आधी दाखवा," सून म्हणाली.

बटणाला मांडीवर घेऊन ती शनिवारची यादी करत होती. टोप्या, दुपटी, दोन जास्तीचे लंगोट, गोटीचे बूट भिजले तर दुसरे बूट. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि या आठ वर्षांत तिने हे बेट किमान पन्नास वेळा ऐकलं होतं. सासरे एकतीस वर्षं बोटीच्या तिकीट खिडकीत होते. शहरातल्या निम्म्या लोकांना बेटाची वाट त्यांनीच सांगितली होती. पण आज सगळं कागदावर उतरवताना तिच्या कानाला काहीतरी खटकलं.

ती दुकानात डोळे तपासायची. काही गिऱ्हाइकं बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात, नंबर वाढला म्हणून कोणी बोलू नये यासाठी. ती तिला लगेच कळत. ज्याला खरंच दिसतं तो अडखळतो, डोळे बारीक करतो, हे तीन की आठ असं विचारतो. पाठ केलेला माणूस पाढ्यासारखा धावत सुटतो.

सासरे कुठेही अडखळत नव्हते.

"बाबा, तुमच्यासाठी घडीची खुर्ची घेऊ का?" तिने विचारलं.

"माझ्यासाठी? मी कुठे येतोय! तुम्ही जा. माझे गुडघे बोटीत चढायचे नाहीत."

"काल माळ्यावर चढला होतात तुम्ही," नवरा आतून ओरडला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, कोण कुठे चढलं यावर त्याचं बारीक लक्ष असे.

"माळा हलत नाही."

गोटीने पेन्सिल खाली ठेवली. "मी वर्गात सांगितलंय. माझ्या आजोबांना अख्खं बेट पाठ आहे आणि ते पुढे चालणार. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या."

"अगं, नकाशा आहे ना तुझ्याकडे."

"टाळ्या नकाशाला नव्हत्या."

सासऱ्यांनी मीठदाणी उगाचच बोटभर इकडे सरकवली, पुन्हा तिथेच ठेवली.

सोमवारी दुपारी, डब्याच्या सुट्टीत, सुनेने बेटावर खोल्या देणाऱ्या बाईला फोन लावला. बाईचा आवाज मोठा होता. समुद्रापलीकडे पोचवायचा तो फोनशिवायच पोचवावा असा तिचा विचार दिसला.

"लेकरं आहेत? बाबागाडी आहे? मग उतरलात की उजव्या हाताचा उतार धरा."

"उजव्या? डाव्या ना?"

"डाव्या हाताला पायऱ्या आहेत, ताई. शेवाळ आहे तिथे. गेल्या महिन्यात एक पाहुणे वरून निघाले ते बसूनच खाली आले."

"आणि विहीर?"

"ती पण उजवीकडेच. पुढे झाड, बाक. खडकातली डबकी डावीकडे."

सुनेने यादीच्या कडेला दोन बाण काढले. मग विचारलं, "मधल्या बाकाचा पाय मोडका आहे का हो?"

"अगं बाई! म्हणजे येऊन गेलाय की तुम्ही!"

फोन ठेवल्यावर ती तपासणीच्या खोलीत जाऊन बसली. सतरा पायऱ्या होत्या, शेवाळ होतं, बाकाचा लंगडा पायसुद्धा होता. एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त सगळं बेट इकडचं तिकडे झालं होतं.

संध्याकाळी बटणाला आंघोळ घालताना तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही लहानपणी बेटावर का नाही रे गेलात कधी?"

"आईला बोट लागायची."

"आई सांगायच्या?"

"नाही, बाबा सांगायचे." त्याने टॉवेल पुढे केला आणि तो मध्येच थांबला. "आई एकदा म्हणाली होती, बोट लागते की नाही कसं कळणार, बसवलंय कुणी मला? आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा."

टॉवेल ओला झाला तरी तो तसाच धरून उभा होता. बटणाने त्याला लाथ मारून भानावर आणलं.

बुधवारी सासरे दुकानात आले. तिनेच बोलावलं होतं, दूरचा नंबर बघून घेऊ म्हणून. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला.

"समोर बघा, बाबा. सगळ्यात खालची ओळ."

ते अडखळले. डोळे बारीक केले. "हे... तीन. नाही, आठ असेल. पुसट छापलंय तुमचं."

"छापलेलं चांगलं आहे."

"मग तुमचे दिवे मंद आहेत." एवढं बोलून त्यांनी मागे वळून पाहिलं. तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्या वर टांगलेला होता. समोर होता तो नुसता आरसा. "अरेच्चा! मी आरशात वाचतोय होय?"

"खोली लहान आहे ना. पुरेसं अंतर मिळत नाही, म्हणून तक्ता मागे आणि आरसा पुढे."

"मग उलटं कसं नाही दिसत?"

"तक्ता छापलाच उलटा आहे. आरशात तो सुलटा होतो."

सासरे तक्त्याकडे बघत राहिले. तिने भिंग बदललं आणि भिंगाकडेच बघत म्हणाली, "बेटावरच्या बाईंशी बोलले मी. बाबागाडीचं विचारायला. त्या म्हणाल्या, उतार उजव्या हाताला."

"उजव्या?"

"विहीरही तिकडेच. बाकी सगळं तुम्ही म्हणता तसंच आहे. बाकाचा पायसुद्धा."

सासऱ्यांनी मांडीवरचे दोन्ही तळवे उघडले, डाव्याकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या खुर्चीत ते हळूच पूर्ण मागे वळले, दाराकडे तोंड करून, आणि पुन्हा तळव्यांकडे पाहिलं.

"संध्याकाळची बोट आली की सगळे खिडकीवरूनच जायचे," ते म्हणाले. "तोवर मला काम नसायचं. मी विचारायचो, कसं आहे? काय काय बघितलं? लोक खूश असायचे, थांबून सांगायचे. वरून उतरताना डाव्या हाताला विहीर लागते..." ते थांबले. "उतरताना," पुन्हा एकदा म्हणाले.

तिने भिंगांची पेटी बंद केली. "एकदाही नाही?"

"सगळ्यांना सुट्टी असली की मला नसायची. मला असली की पोरांची शाळा. आणि मग लोक म्हणायला लागले, मास्तर, तुम्ही तर शेकडो वेळा जाऊन आला असाल. एकदा मी नुसती मान हलवली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, काच स्वच्छ असूनही. "हलवलेली मान परत कशी घ्यायची, सांग."

तिने त्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि पेटीवर ठेवला.

"गोटीला बोलू नकोस."

"मी नाही बोलणार, बाबा. पण शनिवारी ती नकाशा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणार आहे."

"आणि बाबागाडी थेट शेवाळावर," सासरे म्हणाले. त्यांना हसू आलं. आलं आणि तसंच अर्ध्यात राहिलं.

"डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय," तिने कागदावर लिहिता लिहिता सांगितलं. "बोटीतून लांबचं बघायचं तर नवीन काच लागेल. शुक्रवारपर्यंत करून देते."

मला कुठे यायचंय, असं या वेळी ते म्हणाले नाहीत.

शुक्रवारी ती दुपारीच घरी आली. पर्समध्ये सासऱ्यांचा नवा चष्मा होता. चपला काढताना तिला बैठकीच्या खोलीतून गोटीचा आवाज आला आणि ती दारातच थांबली.

खिडकीची काच उन्हाने भरून गेली होती. गोटी स्टुलावर उभी होती. सासऱ्यांनी नकाशा पालथा करून काचेवर दोन्ही हातांनी दाबून धरला होता. पातळ कागदातून पलीकडच्या रेघा उजेडात स्पष्ट दिसत होत्या आणि गोटी त्यांच्यावरून पेन्सिल फिरवत होती. बटण खाली सतरंजीवर बसून आजोबांच्या पायजम्याचं टोक चघळत होतं.

"म्हणजे ती येतानाची बाजू आणि ही जातानाची?" गोटी विचारत होती.

"हो. तिकिटासारखंच. जाऊन-येऊन."

"मग आधी का नाही सांगितलं? मी रंगवून टाकला असता तर?"

सासऱ्यांचे दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे डोकं खाजवायचीही सोय नव्हती.

"मला ही बाजू माहीत नव्हती," ते म्हणाले. "मला लोकांनी येतानाची सांगितली होती. मी कधी गेलोच नाही गं तिकडे."

सुनेने हातातली चप्पल आवाज न करता खाली ठेवली.

गोटीची पेन्सिल विहिरीला पूर्ण वळसा घालून आली. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग झाड किती मोठं आहे ते तुम्हाला नक्की माहीत नाही."

"नाही."

"हात हलवू नका, आजोबा, टेकडी वाकडी होतेय." तिने टेकडी संपवली, जीभ बाहेर काढून दीपस्तंभ उभा केला. "मी झाडाची जागा मोकळी ठेवते. उद्या बघून काढू. आणि वर्गात सांगीन, आजोबांना अर्धं येतं."

"अर्धं चालेल तुझ्या बाईंना?"

"मला तर पाढे पण अर्धेच येतात."

सासरे हसले तसा कागद काचेवर हलला, आणि दीपस्तंभाला एक बाक आला तो आलाच. सून चार पावलं मागे गेली, दार पुन्हा एकदा मोठ्याने लावलं आणि म्हणाली, "आहे का घरात कोणी?"

शनिवारी सकाळी धक्क्याच्या तोंडाशी रांग होती. बाबागाडीला तीन पिशव्या लोंबत होत्या आणि चौथ्या पिशवीचं काय करायचं यावर नवरा-बायकोचं बोलणं चाललं होतं. गोटीच्या हातात नकाशा होता, जातानाची बाजू वर. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, नाकावर नवा चष्मा. गुडघ्यांचा विषय सकाळपासून निघाला नव्हता.

तिकिटाच्या खिडकीशी नवऱ्याने पाकीट काढलं.

"थांब," सासरे म्हणाले. "मी घेतो."

ते पुढे झाले. खिडकीची काच वर होती, बोलायचं भोक खाली. ते थोडे वाकले, पुरेना, आणखी वाकले, एक हात गुडघ्यावर टेकला. आत एक तरुण मुलगी बसली होती.

"बोला," ती म्हणाली.

तसेच वाकलेले असताना सासऱ्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"एवढं वाकायचे होय गं लोक," ते म्हणाले. "मला आतून कळायचंच नाही."

मागच्या माणसाने घसा खाकरला. सासऱ्यांनी तोंड भोकापाशी नेलं.

"सगळ्यांची द्या. जाऊन-येऊन."

मुलीने तिकिटं फाडली, भोकातून पुढे सरकवली आणि त्यांच्याकडे बघून हसली. "आजोबा, पहिल्यांदाच चाललात का?"

वाकल्या जागीच सासऱ्यांनी मान हलवली.