दाढोबाची चाळणी

मी एक जुनी गव्हाची चाळणी आहे, मित्रांनो. स्टीलची कड, तारांची जाळी. हसू नका, पण कामाचे शेवटचे तीन महिने मी गहू चाळलेच नाहीत. मी किडे चाळले. जिवंत, टणाटण उड्या मारणारे किडे!

त्याआधी बारा वर्षं मी स्वयंपाकघरात होते. घरातली आई मला हातात घ्यायची, आधी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटून बघायची आणि मगच गहू ओतायची. मला भारी राग यायचा. एवढं राबूनही रोज तपासणी! कान तुटलेल्या कपाला आणि पोचे आलेल्या पातेल्याला मी मात्र खुशाल नावं ठेवायचे.

पुढे घरात तयार पीठ येऊ लागलं आणि मी माळ्यावर गेले. तिथून मला खाली काढलं धाकट्या मुलीने, तिच्या दाढोबासाठी. दाढोबा म्हणजे तिचा बियर्डेड ड्रॅगन. काचेच्या पेटीत दिव्याखाली शेकत बसणारा, काटेरी दाढीचा छोटासा सरडा. दुकानदारकाकांनी तिला बजावलं होतं, "याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढी जागा, तेवढाच किडा द्यायचा. मोठा गेला तर पोटात अडकतो."

रोज शाळेआधी धाकटी डब्यातले रातकिडे माझ्यावर ओतायची. बारके खाली बादलीत पडायचे, मोठे वर उरायचे ते परत डब्यात. बारक्यांवर कॅल्शियमची पांढरी पूड भुरभुरवली की झाला नाश्ता तयार. दाढोबा मान तिरकी करून बघायचा आणि लगेच गट्टम!

"आई, चाळणी एक नंबर आहे गं!" धाकटी म्हणायची. बारा वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी फुगून गेले.

एका सकाळी तिला उशीर झाला. चिकटलेले किडे झटकायला तिने मला बादलीच्या काठावर आपटलं आणि माझ्या मधल्या दोन तारा तुटल्या. मला चांगलं कळलं. तिला कळलं नाही. मला उजेडाकडे धरायची तिला सवयच नव्हती. आणि खरं सांगते, मी खूश झाले. म्हटलं, सुटले बाई, नाहीतर गेलेच असते भंगारात! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशातली मी.

त्या भोकातून मोठे किडेही खाली पडू लागले. पूड लागली की सगळे सारखेच दिसायचे. दाढोबा तर हावरट, समोर येईल ते गिळायचा. आठवड्याभरात त्याने खाणं सोडलं. मग तो मागचे पाय ओढत चालू लागला.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे जाताना, किडे कसे चाळते ते दाखवायला, धाकटीने मलाही पिशवीत घातलं. डॉक्टरबाईंनी दाढोबाच्या पोटावरून हलकेच बोट फिरवलं. "मोठे किडे दिलेस का गं?"

"नाही हो! आईशप्पथ, रोज चाळून देते. ही बघा चाळणी!"

आईने मला तिच्या हातातून घेतलं. जुन्या सवयीने खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि एक डोळा मिटला. मग तिने मला धाकटीकडे दिलं. धाकटीचं बोट त्या भोकातून आरपार गेलं.

"मला वाटलं, चाळणी आहे म्हणजे झालं," ती कशीबशी म्हणाली.

दाढोबा आणखी दोनच दिवस जगला.

आईने बारीक तार ओवून मला दुरुस्त केलं. आता मी धड आहे, पण मला कसली आलीय हौस? मित्रांनो, तुम्हाला कुणी तपासलं तर माझ्यासारखा राग धरू नका. आणि तुमच्या भरवशावर एखादा मुका जीव जगत असेल, तर हातातली वस्तू रोज नीट बघून घ्या. आम्हाला तोंड नाही. माझ्यासारखीला असतं, तरी मी त्या दिवशी ते उघडलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

मी आता रिकाम्या काचेच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. चाळायचं काहीच नसतं. तरी शाळेला निघताना धाकटी मला काढते, उजेडाकडे धरते, एक डोळा मिटून बघते आणि परत खिळ्याला लावते.