विटेवर टेकवलेलं डालं

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी लग्न होऊन अनसिंगजवळच्या त्या खेड्यात नवीनच आले होते. घरात सासूबाई गोजराबाई, हे आणि मी. गोठ्यात एक बैलजोडी.

मी आले तेव्हा लाल्या नावाचं कुत्रं होतं. एके दिवशी ते वरच्या आळीत पंजाबराव पाटलाच्या अंगणात शिरलं आणि बाजेवर वाळत घातलेल्या वड्यांना तोंड लावलं. आमच्या घरचं कुत्रं, आमच्या वस्तीतलं. पाटलाच्या गड्यानं त्याची कंबर मोडली. लाल्या पुढच्या दोन पायांवर फरफटत दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी मेला. ह्यांनी खड्डा खणला. पाटलाला जाब विचारायला कुणी गेलं नाही.

हिवाळ्यात ह्यांनी अनसिंगच्या बाजारातून एक काळं पिल्लू आणलं. त्याचं नाव गुंड्या. सासूबाईंनी त्याच दिवशी कोंबड्यांचं एक जुनं डालं झटकलं, गोठ्याच्या कोपऱ्यात पालथं घातलं, त्याखाली गोणपाट अंथरलं.

"ह्याले सोडाचं नाई," त्या म्हणाल्या. "घर कोणतं ते आधी समजू दे."

गुंड्याला आत घालून त्यांनी डाल्यावर दगड ठेवला. तो असा रडायला लागला की माझ्या हातातली भाकर थापायची थांबली. मी उठले.

"बस खाली. आज उघडशील तं जलमभर रडवीन तुले."

"लहान हाय वो, आत्याबाई."

"लाल्याबी लहानच व्हता. आपुन लाड केला त्याचा."

शेजारची चंपाबाई कुडावरून डोकावली. "सुनेले वळण लावाचं सोडून कुत्र्याले लावून राह्यली का वो, गोजरा?"

"सून चुकली तं मायेरी जाते. कुत्रं चुकलं तं लाल्यासारखं जाते."

चंपाबाई हसायला लागली होती, ती कुडाआड गेली.

रडं थांबलं की उघडायचं, तोवर नाही, हा सासूबाईंचा नियम. उघडल्यावर बाहेर फिरवायचं, मग भाकरीचा तुकडा डाल्याखालीच टाकायचा. आठ दिवसांत रडणं बंद झालं. पंधरा दिवसांनी दगड काढला. मग डाल्याची एक कड विटेवर टेकवून ठेवली, त्याला आत-बाहेर करता यावं म्हणून. कुणी रागावलं, वस्तीतून वरातीचा बाजा गेला, पोरांनी दगड भिरकावला, की गुंड्या धावत येऊन त्या फटीतून आत शिरे. बाहेर दिसायचं फक्त नाक.

वरच्या आळीकडे तो कधीच गेला नाही. सासूबाई आल्यागेल्याला डालं दाखवत. "आमच्या गुंड्याले मारायले कोणाले इथवर यावं लागीन," म्हणत.

वैशाखात, भर दुपारी, शेजारच्या चुलीची ठिणगी वाऱ्यानं उडून आमच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या गंजीवर पडली. गंज गोठ्याला लागूनच. मी अंगणात शेंगा फोडत होते आणि गुंड्या माझ्या पायाशी झोपलेला. जाळ एकदम छपरावर चढला. माणसं ओरडत घागरी घेऊन धावली. हे आत घुसले आणि विळ्यानं बैलांची दावी कापली. बैल उधळत बाहेर आले तसा गुंड्या उठला, त्यांच्या पायांमधून वाट काढत सरळ गोठ्यात शिरला.

मी हाका मारल्या. माझा आवाज त्या गोंगाटात त्याला ऐकू गेला असेल की नाही, मला ठाऊक नाही. मी दारापर्यंत गेले, तर चंपाबाईनं मला मागून कवेत धरलं. मग छप्पर खाली बसलं.

संध्याकाळी राख निवली. सासूबाई काठीनं कोपरा उकरत होत्या. डाल्याच्या कामट्यांचं जळकं कडं तेवढं उरलं होतं, आणि त्याच्या मधोमध गुंड्या, अंग मुडपून, नेहमी बसायचा तसा.

गुंड्या बाहेरून आत पळाला ते सासूबाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डाल्यावर दगड ठेवला व्हता का तू?"

"नाई."

"वीट काढली व्हती?"

मी पायानं राख सारून बोट दाखवलं. वीट जागेवरच होती, काळी पडलेली. त्याला बाहेर यायला वाट होती.

त्या पुष्कळ वेळ विटेकडे पाहत राहिल्या. मी त्या उत्तरात खोटं बोलायला हवं होतं, असं मला आज, सत्तरी ओलांडल्यावर वाटतं. मी वीट काढली होती म्हटलं असतं, तर दोष माझा ठरला असता, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या आणि दुसरं पिल्लू आणलं असतं.

गोठा पुन्हा उभा राहिला. त्या कोपऱ्यात सासूबाईंनी मरेपर्यंत काही ठेवू दिलं नाही.