गुलाबी गोळी

"गोळ्या घेतो की! न्याहारी झाली की लगेच. हिलाच विचारा," हाजी बदवी छिन्नी न थांबवता म्हणाले.

वजीदा, त्यांची बायको, चहाचे पेले घेऊन कारखान्याच्या दारात उभी होती. "मी माझ्या हातानं देते, सिस्टर. तोंडात टाकेपर्यंत हलत नाही मी."

इन्साफ भुशातच स्टूल ओढून बसली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले म्हातारे रुग्ण दुमियात शहरातल्या इस्पितळातून घरी गेले, की त्यांच्या गोळ्या चालू राहतात ना हे बघायचं काम तिच्याकडे होतं. रुग्ण उचलून उचलून पाठ गेली, तेव्हा तिला वॉर्डातून काढून हे दिलं होतं. वॉर्डातल्या बाया म्हणत, "तुझी चंगळ आहे, बसून गप्पा मारायच्या." ती वाद घालत नसे.

गोळ्या घेता का, असं विचारलं की सगळेच हो म्हणत. म्हणून त्या उत्तरावर थांबणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

"हाजी, त्यातली कुठली गोळी नकोशी वाटते?"

छिन्नी थांबली. हाजींनी फळीवरची धूळ फुंकली.

"ती गुलाबी."

"का बरं?"

"इस्पितळातून आलो, तेव्हा एका नवरीच्या पलंगाची उशाकडची फळी कोरत होतो. अंगठ्याला छिन्नी लागली. ते तर नेहमीचंच. चिंधी बांधायची नि पुढं चालायचं. पण त्या दिवशी रक्त थांबेचना. फळीवर सांडलं, पार आत मुरलं. घासलं, रंधा मारला, काही उपयोग नाही. नवरीच्या पलंगाला रक्ताचा डाग! फळी चुलीत घातली."

"आणि गोळी?"

"जिभेखाली धरतो. हिची पाठ वळली की थुंकतो."

वजीदानं पेले खाली ठेवले. "म्हणजे मी रोज..." एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

"हाजी, तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी अजून नवी आहे," इन्साफ म्हणाली. "ही गोळी रक्त पातळ ठेवते; नसेल तर तिथं रक्ताची गुठळी होते. पुढच्या वेळी इस्पितळापर्यंत पोचाल, असं मी म्हणणार नाही."

"मग डॉक्टरांना सांगून बंद करा ना."

तिनं तिथूनच फोन लावला. वर्षभर तरी बंद करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"वर्षभर छिन्नी खाली ठेवली, तर या वयात हात परत येतो का?"

"ते मला नाही माहीत," इन्साफ म्हणाली.

पुढच्या वेळी ती मासळी बाजारातून तारेचा हातमोजा घेऊन आली. मासे कापणारे घालतात तसला. हाजींनी तो डाव्या हातात चढवला, कोरलेल्या पाकळीवरून बोटं फिरवली आणि काढून ठेवला.

"मला लाकूड हातानं दिसतं, सिस्टर. तुम्ही डोळ्यांवर बांधायला पट्टी घेऊन आलात."

घरात वजीदानं गोळ्या हातात देणं बंद केलं होतं. बशीत काढून ठेवायची आणि गच्चीवर जाऊन बसायची. इन्साफनं फोन केला तर म्हणाली, "मला कशाला विचारता? मी कोण?"

मग एकदा फोन हाजींनीच उचलला. "घेतली," म्हणाले आणि ठेवून दिला. इन्साफनं खरंही मानलं नाही, खोटंही नाही.

थंडी पडल्यावर ती परत गेली. हाजींच्या जागेवर मितवल्ली, त्यांच्याच वयाचा दुसरा कोरणारा, बसला होता. दोघांमध्ये कोरलेला गुलाब कोणाचा चांगला, यावरून त्यांचं तरुणपणी बिनसलं होतं, आणि तेव्हापासून बोलणं नव्हतं. आता मितवल्ली कोरत होता आणि हाजी शेजारी बसून शिसपेन्सिलीनं फळीवर पानं काढत होते.

"खोल चाललास. देठ तुटेल."

"तू चित्रं काढ रे. कोरायचं मला शिकवू नको."

"शिकवलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

"बघा वहिनी, बोलावलं यानंच!"

दारात उभी असलेली वजीदा हसली.

हाजींनी चहाचा पेला इन्साफपुढे धरला. बाही वर सरकली. कोपराखाली कुठंतरी आपटल्याचा मोठा, निळाजांभळा डाग होता. रक्त पातळ झालेल्या माणसाला उठतो तसला. इन्साफनं तो पाहिला. ती पाहतेय, हे हाजींनीही पाहिलं.

तिनं पेला घेऊन एक घोट घेतला.

त्यांनी बाही खाली ओढली, मनगटाशी बटण लावलं आणि म्हणाले, "साखर कमी आहे का?"